खुंटीवरचे कवच

विजेवर चालणाऱ्या हातयंत्रांच्या सुरक्षिततेविषयी सामान्य वाचकास उमजेल असे काही लिहावे, असा संपादकांचा आग्रह झाला तेव्हा मी प्रथम नकार दिला. कारण धामणकर नाक्याजवळच्या दुकानात चाळीस वर्षे ड्रिल आणि ग्राइंडर उघडण्यात घालविलेल्या माणसाने लेखणी हाती धरणे म्हणजे अधिकारातिक्रमच. परंतु गेल्या श्रावणातील एक प्रकरण मनातून हटेना, आणि त्याची कैफियत कोठेतरी दाखल करणे अवश्य वाटले.

आमच्या भिवंडीत माग अडला की त्याचा गंजून बसलेला बोल्ट कापावयास ग्राइंडर लागतो. हे यंत्र फार प्राचीन नव्हे; विजेचे हातड्रिल स्टुटगार्टच्या फाइन कारखान्याने १८९५ साली घडविले, तर आज घरोघर दिसणारा हा ग्राइंडर जर्मनीतच १९५४ साली अवतरला. माझ्याकडे तो येतो तो मागाच्या हवेतील कापसाचे तंतू पोटात साठवून. आर्मेचरभोवती ते दाटले की वारा कोंडतो, वाइंडिंग जळते, आणि मालक कंपनीच्या नावाने बोटे मोडतो. अधूनमधून कोरड्या हवेचा झोत मारावा, कार्बन झिजले की जोडीनेच बदलावेत, चकती बदलताना प्लग काढावा, एवढे सांगून माझी जीभ मात्र कार्बनाहून अधिक झिजली.

त्या श्रावणात एक तरुण आला तेव्हा त्याच्या पाच इंची यंत्राचा खटका मागाच्याच सुताने आवळलेला होता, म्हणजे हात सुटला तरी चकती फिरतच राहावी; चकतीवरच्या गार्डचा पत्ता नव्हता, आणि चकती होती सात इंचांची. येथे वाचकांनी थोडे गणित सोसावे. सात इंची चकतीवर मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, कारण तेवढ्या गतीत तिची कड सेकंदाला ८० मीटर धावते. पाच इंची यंत्र मात्र अकरा हजार फेरे घेते, म्हणजे तीच कड १०४ मीटरांवर, ताशी पावणेचारशे किलोमीटरांवर पोहोचते. शिवाय चकती फाडू पाहणारा ताण गतीच्या वर्गाने वाढतो, तो येथे दोन तृतीयांशांनी वाढला. राळेने बांधलेल्या त्या चकतीस मुदतही असते. मधल्या धातूच्या कड्यावर ती कोरलेली असते आणि कोणीही वाचीत नाही.

गार्ड ठिणग्या अडविण्यासाठी असते, डोळ्यांवर चष्मा चढविला की त्याचे काम सरले, हा समज शिकल्यासवरल्या गृहस्थांतही दृढ आहे. वस्तुतः चकती फुटली की तुकडे तिच्याच पातळीत सुटतात, आणि गार्ड केवळ आपल्याकडची बाजू झाकते. म्हणून मी वाद घालण्यापेक्षा नवे गार्ड आणि पाच इंची चकती बसवून यंत्र त्याच्या हाती दिले. तो नम्रपणे म्हणाला, "चाचा, यह ढक्कन निकाल दो, बड़ी चकती नहीं बैठती."

कामगार अडाणी असतात, असे वृत्तपत्रे म्हणतात. तो अडाणी नव्हता. लहान चकती बोल्टापर्यंत पोहोचत नाही, बोल्ट निघाल्यावाचून माग चालत नाही, आणि माग बंद राहिला तर मापावर मजुरी घेणाऱ्या विणकराच्या हाती काहीच पडत नाही, हा हिशेब त्याने माझ्यापेक्षा चोख मांडला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या एकविसाव्या कलमाने फिरत्या यंत्रांस कुंपण घालावयास फर्माविले खरे. पण त्या कायद्याची हद्द कामगारांच्या संख्येवर ठरत असे, आणि आमच्या गल्लीतील पुष्कळ कारखाने त्या हद्दीच्या अलीकडेच भरत.

पंधरा दिवसांनी तो दंडावर टाके घेऊन आला. ठपका नाही, तक्रार नाही. यंत्र दुरुस्त होईल का, एवढेच त्याने विचारले.

ते गार्ड अद्याप माझ्या खुंटीवर आहे. सुरक्षिततेवर लिहावयास बसलो तेव्हा तारखेसाठी नोंदवही काढली, आणि माझ्याच वळणदार अक्षरांत नोंद सापडली: गार्ड काढणे, नग एक, मजुरी वीस रुपये, पावले.