अंगणात पुरलेले संत योसेफ

नंदाखालच्या आमच्या घराला कुलूप लावून आम्ही उभयता फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस कन्येकडे अमेरिकेस गेलो. कन्या आणि जावई दोघेही इंजिनियर. इंडियाना राज्यातील कोलंबस हे त्यांचे गाव. कोलंबस म्हटले की पुष्कळांना ओहायो राज्याची राजधानी आठवते. हे ते नव्हे. इंडियानापोलिसच्या दक्षिणेस मोटारीने तासाभराच्या अंतरावर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेले, २०२० च्या जनगणनेनुसार पन्नास हजारांहून किंचित अधिक वस्तीचे हे गाव. १९१९ साली येथे कमिन्स इंजिन कंपनी निघाली आणि १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत तीच पुण्यात आली. आमची कन्या शिकली ते पुण्यातील मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालयही कमिन्सच्याच नावाचे. पुण्याहून कोलंबसला जाणारी वाट त्यामुळे आता चांगलीच मळलेली आहे. तेथील बाजारात भाजी निवडताना पाठीमागून अस्सल मराठीत ‘कोथिंबीर घेतलीस का?’ असे ऐकू आले, तेव्हा आम्ही दचकलो नाही, एवढेच सांगतो.

जिल्ह्याचे नाव बार्थोलोम्यू. प्रेषित संत बर्थोलोमेव आपल्या कल्याण बंदरी आले होते, अशी एक परंपरा आहे. त्यामुळे हे नाव वाचून आमचे हृदय भरून आले. नंतर कळले की जिल्ह्याला नाव दिले आहे ते जोसेफ बार्थोलोम्यू नावाच्या एका सेनापतीचे. गावातील कॅथलिक धर्मग्राम मात्र खरोखरीच प्रेषिताच्या नावाचे आहे. योसेफ आणि बर्थोलोमेव हे दोघे एकाच नावात बांधलेले पाहून तेव्हा आम्हाला गंमत वाटली होती. पुढे त्यातील योसेफाशीच आमचा अधिक संबंध येणार होता.

गावाची ख्याती इमारतींसाठी आहे. कमिन्सच्या प्रतिष्ठानाने १९५० च्या दशकापासून सार्वजनिक इमारतींच्या वास्तुरचनाकारांचे शुल्क स्वतः भरावयाचे ठरविले. त्यामुळे शाळा, वाचनालय, अग्निशमन केंद्र असल्या साध्या वास्तूंवरही जगातील नामवंतांचे हात फिरले. त्यांपैकी एक नॉर्थ ख्रिश्चन चर्च. एरो सारिनेन यांनी आराखडा केलेले, १९६४ साली पूर्ण झालेले हे षट्कोनी देऊळ. त्याचा सुईसारखा कळस दुरूनही दिसतो. आम्ही मोठ्या उत्सुकतेने पाहावयास गेलो तर दार बंद. उपासक कमी होत गेले आणि २०२२ साली ती मंडळी विसर्जित झाली; वास्तू सार्वजनिक वाचनालयाकडे सोपविण्यात आली. देऊळ उभे आहे आणि मंडळी नाही, हे दृश्य वसईच्या माणसाला पाहवत नाही. आमच्याकडे रविवारी उशीर झाला तर उभे राहावे लागते.

कन्येच्या भाड्याच्या घरापासून तिसऱ्या घरी एक वृद्ध विधवा बाई राहत. वय चौऱ्याऐंशी. रोजच्या मिस्साला त्या स्वतः मोटार चालवीत जात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हालाही मोटारीत घातले. प्रायश्चित्तकाळ होता. त्या भागात या दिवसांत शुक्रवारी धर्मग्रामांच्या सभागृहांतून तळलेल्या मासळीच्या पंगती उठतात, आणि कॅथलिक नसलेले शेजारीही रांगेत उभे राहतात. मासळी म्हणजे काय, तर पांढऱ्या मांसाचा तुकडा. त्याला काटा नाही, डोके नाही, वासही नाही. आम्ही मुकाट्याने खाल्ली. बाईंना आम्ही वसईची सुकेळी दिली. त्यांनी एक तुकडा चाखला, डोळे मिटले आणि उरलेली सगळी एका डब्यात ठेवून त्यावर आमचे नाव चिकटविले.

त्या पूर्वी शिक्षिका होत्या, यजमान इंजिनांच्या कारखान्यात. घरातल्या प्रत्येक कोपऱ्याची त्यांना तारीख पाठ होती. जून २००८ च्या पुरात हॉ क्रीक नावाचा एरव्ही गुडघाभर पाण्याचा ओढा असा फुगला, की गावचे रुग्णालय रिकामे करावे लागले आणि ते कित्येक महिने बंद राहिले. बाईंच्या तळघरात छातीइतके पाणी. दुसऱ्या दिवशी न बोलावता शेजारपाजारची आणि धर्मग्रामातील माणसे बादल्या घेऊन दारात आली. त्यांतील निम्म्यांची नावे आपल्याला अजून ठाऊक नाहीत, असे त्या म्हणाल्या. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. १९२० च्या दशकात इंडियाना राज्यात कू क्लक्स क्लानचा एवढा जोर होता की १९२४ साली निवडून आलेला गव्हर्नरही त्यांच्या पाठिंब्यावर आला. काळ्या लोकांइतकाच त्यांचा रोख कॅथलिकांवरही होता. बाईंचे वडील तेव्हा लहान होते. मिस्साला जाताना त्यांची आई हातातली जपमाळ खिशात लपवीत असे.

मे महिन्यात बाईंनी घर विकावयाचे ठरविले. गुडघे चालत नव्हते; ओहायोत मुलाच्या घराजवळ वृद्धांच्या निवासात एक खोली रिकामी होणार होती, आणि ती महिन्याहून अधिक काळ कोणी राखून ठेवणार नव्हते. अंगणात विक्रीची पाटी लागली. त्याच संध्याकाळी आम्ही पाहिले, तर बाई खुरपे घेऊन पाटीच्या खुंटाशी वाकलेल्या. वीतभर उंचीचा संत योसेफांचा पुतळा त्यांनी डोके खाली करून मातीत पुरला. घर लवकर विकले जावे म्हणून अमेरिकेतील कॅथलिक लोक असे करतात. या कामासाठी पुतळे दुकानातही मिळतात. आमच्याकडे पाऊस लांबला की देव पाण्यात ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत, तेव्हा हसण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. तरीही आमच्या मंडळी म्हणाल्या, “बिचारे! नाझरेथात आयुष्यभर सुतारकी केली, आता येथे दलाली.”

कन्येला ते घर हवे होते. आम्हालाही हवे होते, आणि याची कारणे आम्ही एकमेकांना सांगत नव्हतो. तिने तेथे घर घेतले म्हणजे ती परत यावयाची नाही, हे आम्ही दोघेही जाणून होतो. पण ती परक्याच्या भिंतींत राहण्यापेक्षा या बाईंच्या घरात राहावी, जेथे पूर आला तर माणसे बादल्या घेऊन येतात, असे वाटे.

तेथील घरबाजाराची रीत आम्हाला जावयाने एका रात्रीत समजावून दिली. तीस वर्षे एकाच व्याजदराने फेडावयाचे कर्ज हा तेथील सर्वसाधारण प्रकार. जानेवारी २०२१ मध्ये हा दर सरासरी २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता; आम्ही गेलो त्या उन्हाळ्यात तो साडेसहाच्या वर होता, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो पावणेआठला जाऊन भिडला. ज्यांनी स्वस्तात कर्ज घेतले ते घर सोडावयास तयार नाहीत, कारण नव्या घरासाठी दुपटीहून जास्त व्याज मोजावे लागेल. म्हणून गावात माणसे भरपूर, घरेही भरपूर, आणि विक्रीला मात्र फार थोडी. एखादे निघाले की तीन दिवसांत निकाल. त्यातून कर्ज काढून घेणाऱ्याच्या मागे शंभर सोपस्कार: बँकेकडून मूल्यांकन, तज्ज्ञाकडून छपराची आणि तळघराची तपासणी, जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूची चाचणी, पूररेषा कोठून जाते याचा दाखला. रोख पैसे देणाऱ्याला यातले काहीच लागत नाही. राज्याने २०१० साली आपल्या घटनेतच मर्यादा घातली आहे, की मालक स्वतः राहत असेल तर घरावरचा कर मूल्याच्या एक टक्क्यापुढे जाऊ नये, भाड्याने दिले असेल तर दोन टक्क्यांपुढे. म्हणजे राहणाऱ्याला झुकते माप आहेच. तरी भाडी इतकी चढली आहेत, की दोन टक्के भरूनही भाड्यासाठी घरे घेणाऱ्या कंपन्यांचे काही बिघडत नाही.

आमच्या मते हे सगळे व्यर्थ होते. “आपण बाईंकडे जाऊ,” आम्ही म्हणालो. “एका धर्मग्रामाचे आहोत, रोज एका बाकावर बसतो. चार शब्द लिहून देऊ.” कन्येने तसे पत्र लिहिलेही, सोबत नाताळातील गोठ्यापुढे काढलेले सर्वांचे छायाचित्र जोडले. तिच्या बाजूने काम पाहणाऱ्या दलाल बाईंनी ते पत्र वाचले आणि परत दिले. १९६८ च्या फेअर हाऊसिंग कायद्याप्रमाणे वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश पाहून घर देता येत नाही वा नाकारता येत नाही, असे त्यांनी सांगितले. अशा पत्रांतून नेमक्या त्याच गोष्टी विकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतात, म्हणून २०२० साली घरदलालांच्या राष्ट्रीय संघटनेनेच त्यांपासून दूर राहण्याचा इशारा दिला होता. बाईंनी कमी रकमेला घर द्यावयाचे ठरविले तर त्या देऊ शकतात. पण ‘तुम्ही आमच्यातले’ म्हणून नव्हे.

आम्हाला संताप आला. दोन म्हातारी माणसे एका देवळात गुडघे टेकतात, यात कोणावर अन्याय झाला? त्या रात्री झोप लागली नाही. पहाटेच्या सुमारास मात्र एक जुनी गोष्ट वर आली, आणि ती कितीही दाबली तरी खाली जाईना.

आमच्या नंदाखालच्या घरात तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूस एक खोली आहे. २०१६ साली एक तरुण शिक्षक ती भाड्याने मागावयास आला होता. बरोबर पत्नी, कडेवर मूल. बोलणे सभ्य. नाव सांगितले आणि आम्ही म्हणालो, “खोली नातेवाइकांसाठी राखली आहे.” नातेवाईक कोणीही येणार नव्हते. त्या मुलीने अंगणातल्या तगरीकडे पाहून ‘किती छान’ म्हटले आणि ती दोघे निघून गेली. आम्ही स्वतः १९८१ साली मुंबईत जागा शोधीत हिंडत होतो, तेव्हा ‘तुमच्यात मांसमच्छी असते’ म्हणून तीन ठिकाणी दारातूनच परत पाठविले गेलो होतो. ते दुःख चाळीस वर्षे पाहुण्यांना सांगत आलो. शिक्षकाची गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती.

आपल्याकडे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम ग्राह्य धरला. वांद्र्याची सालसेट कॅथलिक सोसायटी तर १९१८ पासूनची. लहान समाजाला आपली वस्ती टिकवावीशी वाटते, यात पाप आहे असे आम्ही म्हणणार नाही. १९८९ नंतर हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेल्यांत आम्हीही होतो. पण वाडी राखणे वेगळे आणि कडेवरच्या मुलाला खोली नाकारणे वेगळे. आम्ही एकाच्या नावाखाली दुसरे खपविले होते.

पत्र दिले गेले नाही. तीन दिवस बाई मिस्साला मागच्या बाकावर बसल्या आणि आमच्याशी बोलल्या नाहीत. त्यांनाही तसेच बजावले गेले असावे. चौथ्या दिवशी कळले की कोणतीही तपासणी न मागता, संपूर्ण रोख रकमेचा देकार त्यांनी स्वीकारला. कन्येच्या देकारापेक्षा रक्कम थोडी अधिक होती. मुख्य म्हणजे दोन आठवड्यांत पैसे. कन्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासू लागली. यंत्र होते, तरी.

जाण्याच्या आदल्या दिवशी बाई आमच्या दारी आल्या. घर विकले गेले की पुतळा उकरून सोबत न्यावयाचा असतो, आणि त्यांना वाकता येत नव्हते. आम्ही खुरपे घेतले. पाटी काढून नेलेली, खुंटाची खूण गवताने बुजलेली. चार ठिकाणी खणले. बाई काठी टेकून शेजारी उभ्या. एकदम त्या म्हणाल्या, “खरेदीच्या कागदावर माणसाचे नावच नव्हते. एका कंपनीचे होते. माझ्या स्वयंपाकघरात आता कोण राहील, ते मला ठाऊक नाही.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “तुमच्याकडे पाहिले असते तर माझा निर्णय बदलला असता. म्हणून पाहिले नाही.” आम्हाला काय बोलावे सुचेना. कायदा आमच्यासारख्यांना आवरावयास केलेला. ते त्याने केले. आणि त्याच दारातून ज्याला चेहराच नाही असा कोणी आत शिरला. यावर आमचे मन अजून स्थिर झालेले नाही.

पाचव्या ठिकाणी पुतळ्याचे पाय लागले. चिखल खरवडून आम्ही तो नळाखाली धुतला. बाईंनी तो टॉवेलात गुंडाळला आणि विचारले, “तुमच्या घरात सध्या कोण राहते?”

“कोणी नाही,” आम्ही म्हणालो. “कुलूप आहे.”

ऑगस्टच्या मध्यास आम्ही परतलो. बाईंच्या घरात आता भाडेकरू आले आहेत. पाच मुलांचे कुटुंब, बहुधा ग्वाटेमालाचे, असे कन्येने फोनवर कळविले. ती स्वतः अजून भाड्याच्याच घरात आहे. पहिल्या रविवारी ती त्यांच्याकडे केक घेऊन गेली. तेव्हा घरातल्या बाईंनी विचारले की तळघरात पाणी येते का. कन्येने पुराची गोष्ट सांगितली, आणि स्वतःचा फोन नंबर लिहून दिला.

परतल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात आम्ही खालच्या खोलीचे कुलूप काढले. रंगाचे रिकामे डबे, एक मोडकी खाट आणि नाताळच्या गोठ्याचे जुने सामान बाहेर काढून अंगणात ठेवले. कुंपणापलीकडून शेजाऱ्यांनी हाक मारली.

“काय, भाडेकरू ठेवणार?”

“विचार आहे.”

“आपलाच आहे ना कोणी?”

नळ गळतो आहे, आधी तो दुरुस्त करावा लागेल, असे आम्ही म्हणालो आणि डबे उचलू लागलो.