चांगुलपणा आणि मिशनऱ्यांचं हिब्रू



ख्रिस्ती धर्मशास्त्रात एक जुना विचार आहे. चांगुलपणा स्वतःपाशी साठून राहत नाही, तो आपणहून दुसऱ्याकडे वाहतो. देवाला कशाची उणीव होती म्हणून त्याने जग केलं नाही; तो चांगला आहे आणि चांगल्याला दिल्याशिवाय राहवत नाही, म्हणून केलं. इथे हर्नडनमध्ये सिनेगॉगची आणि चर्चची काही मंडळी महिन्यातून एकदा एकत्र बसून वाचन करतात, तिथे आम्ही हे पहिल्यांदा नीट ऐकलं. सांगणारे निवृत्त पाद्री, अतिशय सज्जन गृहस्थ. टेबलाभोवती सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हा दोघांच्या मनात मात्र एकच प्रश्न आला: वाहतो ते ठीक, पण बदल्यात काय मागतो?

हा प्रश्न आपल्याला पडतो याला कारण आहे. ख्रिस्ती चांगुलपणाशी आपल्या समाजाचा दोनशे वर्षांचा जवळचा संबंध आहे, आणि तो साधा नाही. त्याविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक, "मिशनरी नसते तर आपण हिब्रूला मुकलो असतो." दुसरा, "ते आपल्याला बाटवायला आले होते." दोन्ही खरे आहेत, आणि नुसतं एकच धरलं तर दोन्ही अपुरे आहेत.

आधी तो विचार थोडा समजून घेऊ. इसवी सन ५००च्या सुमारास डायोनिशियस या नावाने लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती लेखकाने सूर्याचा दाखला दिला. सूर्य विचार करून, माणूस निवडून ऊन देत नाही. तो सूर्य आहे म्हणून ऊन पडतं. देवाचं चांगुलपण तसं. तेराव्या शतकात बोनाव्हेंचुरा या फ्रान्सिस्कन साधूने हा विचार पार त्रैक्यापर्यंत नेला: देणं जर देवाच्या स्वभावातच असेल, तर जग नव्हतं तेव्हाही देवाच्या आत देणं-घेणं असलंच पाहिजे. इथे आपली वाट सरळ वेगळी होते. शमा म्हणणाऱ्याला ते पटणार नाही, आणि पटवून घेण्याची गरजही नाही.

पण त्याच शतकातल्या थॉमस अक्वायनसने एक बारीक दुरुस्ती केली आहे, ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तो म्हणतो की चांगुलपणा पसरतो तो ढकलून नव्हे. मुक्कामाचं गाव जसं वाटसरूला ओढतं, तसा तो ओढून घेतो. चांगलं दिसलं की माणूस त्याच्याकडे आपल्या पायांनी जातो. ढकलणं आणि ओढणं यातला हा फरक लक्षात ठेवा, पुढे गोव्यात आणि मुंबईत तो लागणार आहे.

आणि हा विचार फक्त त्यांचाच आहे असंही नाही. रामबामने 'मोरे नेवुखीम'मध्ये देवाकडून ओसंडून येणाऱ्या प्रवाहाबद्दल लिहिलं आहे, हिब्रूत त्याला 'शेफा' म्हणतात. तो सांगतो की हा प्रवाह काही माणसांपर्यंत त्यांच्यापुरताच पोहोचतो, ती शहाणी होतात आणि तिथेच थांबतात. काहींच्यात मात्र तो इतका भरतो की त्यांना शिकवल्यावाचून, लिहिल्यावाचून चैन पडत नाही. अक्वायनसने रामबाम वाचला होता, 'रब्बी मोझेस' म्हणून तो त्याचा उल्लेख करतो. त्याहून गमतीची गोष्ट इब्न गबिरोलची. याच ओसंडण्यावरचा त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये 'अव्हिसेब्रोन' या नावाने फिरत होता, आणि ख्रिस्ती पंडित शतकानुशतकं तो कुणा परक्याचा समजून वाचत राहिले. लेखक ज्यू आहे, आपल्या किप्पूरच्या प्रार्थनेतल्या 'केतेर मल्खूत'चा कवीच आहे, हे १८४६मध्ये सालोमन मुंक याने दाखवून दिलं. चांगली गोष्ट देणाऱ्याचं नाव पुसूनही पुढे जाते, याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आता गोव्याकडे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४मध्ये गोव्याला आला. घराणं ज्यू, जबरदस्तीने ख्रिस्ती केलेलं. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३मध्ये गोव्यात छापला गेला. १५६८मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, ज्यू धर्म पाळल्याबद्दल इन्क्विझिशनने जाळलं. १५८०मध्ये त्याची स्वतःची हाडं थडग्यातून काढून जाळण्यात आली. ज्यांनी हे केलं तेसुद्धा आत्म्याचं भलं करतो आहोत असंच समजत होते. अक्वायनस त्यांनी वाचलेला होता. त्याची दुरुस्ती वाचली होती का, असं विचारावंसं वाटतं.

गोव्याचं इन्क्विझिशन कायमचं बंद झालं १८१२मध्ये. त्यानंतर वर्षभरातच, १८१३च्या फेब्रुवारीत, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. तारखांची ही जवळीक योगायोगाची आहे, पण आम्हाला ती विसरता येत नाही. आपल्या पूर्वजांच्या दारात ख्रिस्ती माणूस आला तो या वेळी पाटी-पेन्सिल घेऊन.

त्या वेळी आपली स्थिती काय होती? शब्बाथ होता, म्हणून तर आपण 'शनवार तेली'. सुंता होती, खाण्याचे नियम होते, आणि शमा होता, जो लग्नापासून मातीपर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हटला जाई. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६मध्ये मांडवीला सिनेगॉग बांधलं होतं, आपल्या आजी-आजोबांच्या तोंडची 'जुनी मशीद'. पण तोरा उघडून अर्थ लावू शकेल असा माणूस कोकणातल्या गावागावांत मिळणं कठीण होतं. कोचीनचे शिक्षक अधूनमधून येत आणि शिकवत.

अमेरिकन मिशनने मुंबईत आणि कोकणात मराठी शाळा काढल्या. त्यांत आपली मुलं होती आणि आपले शिक्षकही होते. १८२०च्या दशकात मायकल सार्गन हा कोचीनचा गृहस्थ, जन्माने ज्यू पण ख्रिस्ती झालेला, आपल्या मुलांना शिकवायला मुंबईत आला. हे दृश्य डोळ्यांपुढे आणा: धर्म सोडलेला माणूस, धर्म न सोडलेल्यांच्या पोरांना आलेफ-बेत गिरवून घेतो आहे.

मग १८२९मध्ये स्कॉटलंडहून जॉन विल्सन आले, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीवर आहे आणि जिथे तुमच्यापैकी कित्येकांच्या घरचं कुणी ना कुणी शिकलं असेल. विल्सन यांनी १८३२मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं, मुद्दाम आपल्या लोकांसाठी. विचार करा, त्यांना मराठी शिकून फार वर्षं झाली नव्हती. वाचक म्हणजे तेल गाळणारी, सुतारकाम करणारी, पलटणीत चाकरी करणारी माणसं. अशा मूठभर लोकांसाठी एखादा परका माणूस स्वतःची नसलेली एक भाषा, स्वतःच्या नसलेल्या दुसऱ्या भाषेत समजावून सांगायला बसतो, तेव्हा त्याला नुसता डाव म्हणणं आम्हाला जड जातं.

पण डाव नव्हताच असंही नाही. विल्सन यांनी आपला हेतू कधी लपवला नाही. ज्यूंनी हिब्रू शास्त्र नीट वाचलं की त्यांना येशू मसीहा म्हणून दिसेल, अशी त्यांची प्रामाणिक खात्री होती. १८३९मध्ये त्यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पारशी समाजात हलकल्लोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, मुलं शाळेतून काढून घेतली गेली. म्हणजे धोका काल्पनिक नव्हता.

तरीही आपली माणसं तिथे जात राहिली, आणि ख्रिस्ती झाली ती अगदी थोडी. का? मिशनऱ्यांनाही याचं कोडं पडत असे. आमचं मत सांगतो, ते मतच आहे. विल्सन यांनी जी भेट दिली ती नेमकी आपलीच होती. इंग्रजी दिली असती, नोकरी दिली असती, तर माणूस कदाचित देणाऱ्याकडे सरकला असता. हिब्रू दिल्यावर तो सरकला तो सिनेगॉगकडे. त्यांनी ढकललं एका दिशेला, आणि दिलेल्या वस्तूने ओढलं दुसऱ्या दिशेला. देणाऱ्याच्या हेतूपेक्षा दिलेली गोष्ट बलवान ठरली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १८४६मध्ये मुंबईत मराठी अर्थासह हगादा निघाली, १८७४मध्ये पुण्यात आणखी एक. जोसेफ इझिकेल राजपूरकर दीर्घकाळ डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी प्रार्थनेची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही झाले. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५मध्ये आपल्या मुलांसाठी आपली शाळा काढली, तीच पुढे एली कदुरी शाळा झाली. त्यांनी १८९७मध्ये आपला इतिहास लिहून पूर्ण केला, तो छापला गेला १९३७मध्ये, तेल अवीवला. रामबामच्या भाषेत ही दुसऱ्या प्रकारची माणसं, ज्यांच्यात प्रवाह त्यांच्यापुरता थांबला नाही.

इथे थांबून स्वतःची पाठ थोपटता आली असती, पण एक गोष्ट सांगायला हवी. त्याच काळात आपल्यातच 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल असा भेद होता. सोयरीक नाही, ताटाला ताट नाही. ज्यांनी परक्या पाद्र्याकडून विद्या आनंदाने घेतली, त्यांच्या घरी आपल्याच एका इस्राएल बांधवाला पंगतीत जागा नव्हती. आमच्या लहानपणी याबद्दल मोठी माणसं आवाज खाली करून बोलत. पाद्र्यांचा हेतू तपासताना आपण फार चोख असतो, स्वतःच्या ताटाच्या बाबतीत जरा कमी.

आता हर्नडन. डलेस विमानतळाजवळचं हे छोटं गाव, आणि आजूबाजूला देवळं, मशिदी, चर्च, सिनेगॉग अशी दाटी. डिसेंबरात शेजारणीकडून बिस्किटांचा डबा येतो, त्यावर चिठ्ठी असते, चिठ्ठीवर कधी येशूचं वचन असतं. आमच्या मुलीने विचारलं, "हे खायचं की नाही?" कोशेरचा प्रश्न वेगळा, तिला विचारायचं होतं ते दुसरंच. वचनासकट आलेली भेट घेतली तर वचनही घेतलं असं होतं का? आम्ही तिला मराठीतल्या त्या हिब्रू व्याकरणाची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकली आणि विचारलं, "मग विल्सनसाहेबांना वाईट वाटलं असेल का?" याचा विचार आम्ही इतक्या वर्षांत केला नव्हता. बहुतेक वाटलं असावं. म्हातारपणीही ते आपल्या समाजाच्या ख्रिस्ती शिक्षणासाठी लिहीतच होते.

ढकलणं संपलेलं नाही. ज्यूंना मसीहाकडे आणू पाहणारे गट अमेरिकेत आजही आहेत, आणि कॉलेजात गेलेल्या आपल्या मुलांना ते भेटतात, तेव्हा सावध असा. पण दुसरी बाजूही आहे. १९६५च्या 'नोस्त्रा एताते' या जाहीरनाम्याने कॅथलिक चर्चने ज्यूंकडे बघण्याची जुनी नजर बदलली, आणि २०१५मध्ये व्हॅटिकनच्या एका दस्तऐवजाने स्पष्ट म्हटलं की ज्यूंना बाटवण्यासाठी चर्च कोणतंही संस्थात्मक मिशन चालवत नाही आणि अशा कामाला पाठिंबाही देत नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी कातारिना द ओर्ताला हे ऐकायला मिळालं असतं तर!

आणि आमच्या शेजारच्या रेस्टनमध्ये नॉर्दर्न व्हर्जिनिया हिब्रू काँग्रिगेशनने आपली इमारत डलेस भागातल्या मुस्लिमांना नमाजासाठी वापरायला दिली. ज्या छताखाली शब्बाथ होतो, त्याच छताखाली शुक्रवारी दुपारी जुम्मा. मुस्लिमांनी ज्यू व्हावं असं कुणी म्हटलं नाही. कोकणातून आलेल्या आम्हाला त्यात नवल वाटलं नाही, गावाकडे आपण आणि मुसलमान शेजारीच राहत आलो. एका अमेरिकन मित्राने यावर आमचं मत विचारलं, तेव्हा आम्ही त्याला मलिद्याचं सांगितलं: पोहे, गूळ, खोबरं, फळं, एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन ताट भरायचं, आशीर्वाद म्हणायचे, आणि मग हजर असलेल्या प्रत्येकाच्या हातावर द्यायचं, तो कोण आहे हे न विचारता. तो म्हणाला, पाद्रीबाबांना पुढच्या महिन्यात हे ऐकवा. ऐकवणार आहोत, आणि ताटही नेणार आहोत. पोहे इथल्या देशी दुकानात मिळतात, ओला नारळ मात्र तपासून घ्यावा लागतो.

एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, अश्दोदला असो की टोरांटोला की लंडनला, आजोबा-पणजोबांच्या पेटीत मिशनच्या छापखान्यातलं एखादं मराठी-हिब्रू पुस्तक, शाळेचा दाखला किंवा बक्षिसाची चिठ्ठी असेल, तर तिचा फोटो काढून पाठवा. पानाच्या समासात कुणी काही लिहिलेलं असेल तर तेही नीट दिसेल असा काढा. छापलेलं सहसा कुठेतरी मिळतं, समासातलं मिळत नाही.