टेबलालाही अध्यक्ष हवा

‘ते ठीक आहे, पण टेबलाचा अध्यक्ष कोण?’ हा प्रश्न आमच्या कार्यक्रम समितीत विचारला गेला आणि त्यावर पाऊण तास चर्चा झाली. ऐकणारे हसतात. मला अजून हसू येत नाही.

आमच्या भागात दरवर्षी दोन दिवसांचं साहित्य संमेलन भरतं. अखिल भारतीय संमेलनाचंच धाकटं भावंड: ग्रंथदिंडी, उद्घाटन, परिसंवाद, कविसंमेलन, ठराव, समारोप. मी लेखक नाही. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे म्हणून समितीत ‘वाचक प्रतिनिधी’. बैठकीला यावं, चहा घ्यावा, सही करावी, एवढीच अपेक्षा असणार.

माझी सूचना साधी होती. तीनपैकी एक परिसंवाद कमी करा आणि त्या दोन तासांत मांडवाच्या मागे दहा टेबलं मांडा. प्रत्येक टेबलावर एक पुस्तक आणि ते वाचलेली सात-आठ माणसं. व्यासपीठ नाही, माइक नाही, शाल-श्रीफळ नाही. ‘कोसला’ पाठ असलेला आणि ‘कोसला’ अर्ध्यावर मिटून ठेवलेला, दोघे समोरासमोर बसू देत की!

परिसंवाद कसा चालतो ते सगळ्यांना माहीत आहे. परिचय आणि सत्कारात अर्धा तास जातो. दहा मिनिटं दिलेला वक्ता विसाव्या मिनिटाला ‘आता मी मूळ विषयाकडे येतो’ म्हणतो. सूत्रसंचालक चिठ्ठी सरकवतो; वक्ता ती वाचतो, घडी घालतो, पाण्याच्या बाटलीखाली ठेवतो आणि बोलत राहतो. आदल्या वर्षी शेवटच्या वक्त्या होत्या एक तरुण शिक्षिका. एसटीने दूरच्या तालुक्यातून आलेल्या, हातात नीट लिहून आणलेला निबंध. त्यांना ‘थोडक्यात आटोपा’ म्हणून सांगितलं गेलं. त्यांनी पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं आणि बसल्या. मग अध्यक्षांनी समारोपाला पंचवीस मिनिटं घेतली. प्रश्नोत्तरं ‘वेळेअभावी’ रद्द. त्या बाईंना कुणी फोनसुद्धा केला नाही.

तर बैठक. एक ज्येष्ठ म्हणाले, ‘हे जयपूरच्या साहित्य महोत्सवाचं फॅड आहे, आपली परंपरा वेगळी.’ मी म्हटलं, परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७८ साली पुण्यात भरवलेल्या ग्रंथकारांच्या संमेलनापासूनची, आणि त्याच परंपरेतल्या संमेलनाला १८८५ साली जोतीराव फुल्यांनीच पत्र लिहून, येणार नाही म्हणून कळवलं होतं. म्हणजे तक्रारही परंपरेइतकीच जुनी. बदलाचं म्हणाल, तर अखिल भारतीय संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाने घटना बदलली आणि २०१९ साली यवतमाळच्या संमेलनाला अरुणा ढेरे निवडणुकीशिवाय अध्यक्ष झाल्या. तिथे घटना बदलते, इथे एक परिसंवाद हलत नाही?

यावर कुणी उत्तर दिलं नाही. कोषाध्यक्षांनी मात्र विचारलं, ‘वाचकांना मानधन द्यायचं का?’

‘नाही.’

‘मग ते येतील कशाला?’

हे वाक्य मला सगळ्यात लागलं. साहित्य संमेलनाच्या बैठकीत, वाचक फुकट का येईल, असा प्रश्न! त्यानंतरच तो अध्यक्षाचा विषय निघाला. दहा टेबलं म्हणजे दहा अध्यक्ष, म्हणजे दहा नाराजांची सोय, हे एकाच्या लक्षात आलं आणि सूचना एकमताने मंजूर झाली. पुढे दहाची चार टेबलं झाली, प्रत्येकाला अध्यक्ष, सूत्रसंचालक आणि आभारप्रदर्शन लागलं, आणि वेळ मिळाली दुपारी एक ते अडीच. जेवणाची.

व्हायचं तेच झालं. जेवणाची रांग टेबलांना खेटून गेली. दोन टेबलांवर कुणी फिरकलंच नाही. तिसऱ्यावर अध्यक्षांनी भाषण केलं. चौथ्यावर ‘बनगरवाडी’ होती आणि अध्यक्ष जेवायला गेले ते आलेच नाहीत. तिथे खानावळ चालवणाऱ्या एक मावशी आणि बी.एड.चा एक मुलगा यांची चांगलीच जुंपली. मास्तराने शेवटी गाव सोडायला नको होतं, असं मुलाचं म्हणणं. मावशी म्हणाल्या, ‘दुष्काळात माणसंच उठून गेल्यावर शाळा काय भिंतींची घेणार?’ आभाराचा कागद घेऊन सूत्रसंचालक ताटकळत उभा होता; त्याला कुणी तोंड उघडू दिलं नाही.

आता गंमत अशी की, समितीत आलेल्या तरुण मंडळींना यंदा सगळेच परिसंवाद काढून टाकायचे आहेत. नुसती टेबलं आणि गप्पा. मी कडाडून विरोध केला. वीस वर्षं एखाद्या विषयात घालवलेल्या माणसाचं सलग अर्धा तास ऐकायला मला आवडतं. ते टेबलावर होत नाही. शिवाय टेबलावर एखादा तोंडाळ माणूस बसला की त्याला चिठ्ठीही पाठवता येत नाही. तेव्हा टेबलाला अध्यक्ष हवा की काय, असंही मनात येऊन गेलं.

दोन परिसंवाद, पण वक्ते तीनच. आणि टेबलांना जेवण सोडून दुसरी वेळ, असं पत्र मी दिलं आहे. तुमच्या गावी संमेलन असेल तर तुम्हीही कार्यक्रम समितीला लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सूचना इतिवृत्तात येत नाहीत.