पेटीतले कागद आणि मुलाचा नवा देश

मागच्या रमजानच्या आधी आठ दिवस धाकट्याचा व्हिडिओ कॉल आला. तो स्टुटगार्टला असतो. एम.एस.साठी गेला तो २०१६ साली, मग तिथेच गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत लागला. नेहमीची चौकशी झाली, अम्मीच्या गुडघ्यांची, कर्जतच्या पाण्याची, लोकलच्या गर्दीची. मग थोडं थांबून म्हणाला, "अब्बा, एक विचारायचं होतं. मी इथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरू का?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहेतीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकाचे हक्क, नागरिकाची कर्तव्यं, सगळं तोंडपाठ. आणि या प्रश्नाला काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. "अम्मीला विचारून सांगतो," असं म्हणून वेळ मारून नेली. अम्मी शेजारीच बसली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं, हा भाग वेगळा.

माझं का अडलं, ते सांगायचं तर घरातल्या लोखंडी पेटीपासून सुरुवात करावी लागेल.

२०१९च्या डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला. त्याआधी ऑगस्टअखेर आसामच्या एनआरसीची अंतिम यादी आली होती आणि त्यात एकोणीस लाखांहून जास्त माणसांची नावं नव्हती. महाराष्ट्रात तसं काही होणार की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दर जुम्म्याला नमाजनंतर मशिदीबाहेर एकच विषय असायचा: तुझ्याकडे काय कागद आहेत? त्या हिवाळ्यात आम्ही पेटी उपसली. आमचं मूळ गाव खालापूर तालुक्यात, खोपोली-पेण रस्त्यापासून थोडं आत. तिथली तीन पिढ्यांची कागदपत्रं त्या पेटीत होती. आजोबांच्या नावाचा जुना सातबारा, अब्बांचा शाळा सोडल्याचा दाखला, माझ्या जन्माची नोंद. अब्बांच्या दाखल्यावर जिल्हा 'कुलाबा' होता. कुलाब्याचं रायगड झालं १९८१ साली. उद्या कुणी परप्रांतातला साहेब तपासायला बसला तर हा कुलाबा म्हणजे मुंबईतला कुलाबा नव्हे, हे त्याला कोण समजावणार, यावर आमच्या घरी गंभीर चर्चा झाली होती! आडनावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. मी तहसील कचेरीत दोन-तीन खेपा घातल्या, नकला काढल्या, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवलं. धाकटा तेव्हा जर्मनीतून फोन करून विचारायचा, "माझा पासपोर्ट चालेल ना अब्बा? तोच सगळ्यात पक्का पुरावा ना?"

आणि आता तोच पासपोर्ट तो परत करू का म्हणून विचारत होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण आपल्याकडे पुष्कळांचा गैरसमज आहे. गेल्या वर्षी व्हॉट्सअपवर एक निरोप फिरत होता की जर्मनीने आता दोन नागरिकत्वं चालवायला सुरुवात केली आहे, आपल्या मुलांना दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील. अर्धी गोष्ट खरी आहे. जर्मनीचा मूळ कायदा १९१३चा, कैसरच्या काळातला. त्यात असं होतं की जर्मन माणसाने स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं जर्मन नागरिकत्व आपोआप गेलं. ते राखायचं असेल तर दुसरं घेण्याच्या आधीच सरकारकडे अर्ज करून परवानगी घ्यायची. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या जर्मनांना कोलोनच्या कचेरीला लिहावं लागे, की आम्हाला दुसरं का हवं आहे आणि जर्मनीशी आमचं नातं अजून कसं टिकून आहे. परवानगीचा कागद हातात येण्याआधी तिकडची शपथ घेतली की खेळ खलास. धाकट्याच्या कंपनीतल्या एका वयस्क बाईंच्या भावाचं असंच झालं होतं. अमेरिकेत शपथ घेऊन बसला आणि पुढे जर्मन पासपोर्टचं नूतनीकरण करायला गेला तेव्हा कळलं की आपण केव्हाचे जर्मन राहिलेलोच नाही.

बाहेरून आलेल्यांनाही साधारण हाच नियम होता. जर्मन व्हायचं तर जुनं सोडा. १९६१च्या करारानंतर कामगार म्हणून आलेल्या तुर्कांची दुसरी-तिसरी पिढी या नियमात अडकली होती. कित्येकांनी जर्मन झाल्यावर गुपचूप तुर्कीचं नागरिकत्व परत घेतलं, आणि २०००च्या नव्या नियमानंतर त्यातल्या हजारोंचं जर्मन नागरिकत्व गेलं. काहींना तर ते कळलंही नव्हतं. गावाकडचं घर, शेत, आईबापांच्या कबरी तिकडे आणि पोटपाणी इकडे, मग माणूस दुसरं काय करणार? हे सगळं २७ जून २०२४पासून बदललं. आता जर्मन माणूस दुसऱ्या देशाचा नागरिक झाला तरी जर्मन राहतो, परवानगी मागायची गरज नाही. परका माणूस जर्मन होतो तेव्हाही त्याला जुनं सोड असं जर्मनी म्हणत नाही. वास्तव्याची अट आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आली.

पण आपण भारतीय. जर्मनी सोड म्हणत नसली तरी भारत म्हणतो. घटनेचं नववं कलम आणि १९५५च्या नागरिकत्व कायद्याचंही नववंच कलम, दोन्हींचा अर्थ एकच. स्वतःच्या मर्जीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. त्याला अर्ज लागत नाही की सुनावणी लागत नाही. ज्या क्षणी जर्मनीचा दाखला हातात पडेल त्या क्षणी माझा मुलगा भारतीय राहणार नाही. मग पासपोर्ट वकिलातीत जमा करायचा, ते त्यावर रद्दचा शिक्का मारतात आणि त्याग केल्याचा दाखला देतात.

या कलमांमागे फाळणी आहे. जे पाकिस्तानात जाऊन तिकडचा पासपोर्ट घेऊन परत आले, त्यांचे खटले वर्षानुवर्षं चालले. परदेशाचा पासपोर्ट घेणं हाच नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा, हा १९५६चा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये इझहार अहमद खान यांच्या खटल्यात कायम ठेवला. कुणी आजारी बहिणीला भेटायला गेला असेल, कुणी नोकरीच्या आशेने गेला असेल. कागद घेतला की विषय संपला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे नव्हतं. असतं तर मी शिकवलं असतं का, ठाऊक नाही.

उलट दिशेनेही भारत तितकाच कडक आहे, हे कबूल केलं पाहिजे. फलटणला शाळा उभी करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन जन्माने अमेरिकन. त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. इथला नागरिक होणाऱ्याला जुना देश सोडण्याची हमी द्यावीच लागते. त्यामुळे उद्या एखादी जर्मन बाई आपल्याकडे नागरिक व्हायला आली, तर तिचा देश तिला 'दोन्ही ठेव' म्हणेल आणि आपण 'एकच ठेव' म्हणू.

त्याऐवजी आपण ओसीआय कार्ड देतो. नावात नागरिक आहे, पण ते नागरिकत्व नव्हे. आयुष्यभराचा व्हिसा म्हणा. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. २०२१च्या मार्चमधल्या अधिसूचनेप्रमाणे संशोधन, पत्रकारिता, मिशनरी काम, गिर्यारोहण आणि तबलीग यांसाठी वेगळी परवानगी लागते. हे वाचून आमच्या मोहल्ल्यातले जमातीत जाणारे एक चाचा म्हणाले, "म्हणजे तुझा पोरगा चिल्ल्याला आला तर आधी दिल्लीला कागद पाठवायचा?" धाकटा जुम्म्याच्या पलीकडे मशिदीत फारसा जात नाही, तेव्हा ती चिंता तूर्त नाही.

मला खरी चिंता जमिनीची होती. गावात आमची पावणेदोन एकर भातशेती आहे. त्यातून वर्षाचा तांदूळ निघतो, त्यापलीकडे काही नाही. पण कर्जत-खालापूर पट्ट्यात जमिनीला जो भाव आला आहे तो वाचकांना सांगायला नको. एक्स्प्रेस-वे झाल्यापासून मुंबईचे लोक शनिवार-रविवारच्या घरांसाठी डोंगरापर्यंत पोचले आहेत. आमच्या बांधाला लागून दोन्ही बाजूंना कुंपणं पडली. एक एजंट दर दोन महिन्यांनी येतो, चहा पितो, आणि जाताना विचारतो, "गुरुजी, मुलगा तर परदेशात, करणार कोण?" म्हणून मी तलाठ्यांना (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) आणि मग एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. वकील म्हणाले, वारसाने त्याला जमीन मिळू शकते, पासपोर्ट जर्मनीचा असला तरी. विकत मात्र शेतजमीन किंवा फार्महाऊस घेता येणार नाही. "पण गुरुजी," ते पुढे म्हणाले, "परदेशात राहणारा भारतीय नागरिकसुद्धा शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. म्हणजे आजही नाहीच." मी इतकी वर्षं समजत होतो की तो फक्त नोकरीपुरता बाहेर आहे. जमिनीच्या हिशेबात तो केव्हाच उंबऱ्याबाहेर गेला होता आणि मला पत्ताही नव्हता.

अम्मीला यातलं काहीच महत्त्वाचं वाटलं नाही. तिचा प्रश्न एकच होता. "त्याचं काही बरंवाईट झालं तर दफन कुठे?" मी चिडलो, असलं काय बोलतेस म्हटलं. पण धाकट्याला विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला की तिथे याचा विचार सगळेच करतात. तिकडे कबरीची जागा ठरावीक वर्षांसाठी मिळते, वीस-पंचवीस वर्षं, मुदत संपली की पैसे भरून वाढवायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. पूर्वी पेटीतच पुरावं लागे. त्याच्या राज्यात २०१४पासून नुसत्या कफनात दफन करायला परवानगी आहे. पुष्कळ तुर्की कुटुंबं मय्यत विमानाने गावी नेतात. अम्मी म्हणाली, "आपल्या कबरस्तानात पासपोर्ट विचारत नाहीत ना? मग भर म्हणावं अर्ज." तिच्यापुरता निकाल लागला.

माझा लागत नव्हता. मी त्याला विचारलं, तुला नेमकं का हवंय? पगार आहे, कायम वास्तव्याचा परवाना आहे, कमी काय आहे? तो म्हणाला, "अब्बा, नऊ वर्षं मी तिथे टॅक्स भरतोय आणि माझ्याबद्दलच्या निवडणुका टीव्हीवर बघतोय. तिथेही काही लोकांना आम्ही नकोच आहोत. मग मत तरी असू दे." मग जरा थांबून, "आणि खरं सांगू? २०१९ला तुम्ही कचेरीच्या खेपा घालत होता ना, तेव्हापासून मला कुठेतरी असा कागद हवा होता की जो कुणी परत तपासायला मागणार नाही."

मी त्याला म्हणू शकलो असतो की असा कागद कुठेच नसतो. त्याच जर्मनीने १९४१मध्ये देशाबाहेर असलेल्या ज्यू लोकांचं नागरिकत्व एका फर्मानाने काढून घेतलं होतं. ते त्यालाही माहीत आहे. तिथे आता अर्जदाराला नाझी राजवटीच्या अन्यायाबद्दलची देशाची जबाबदारी आणि ज्यूंच्या जीविताचं रक्षण मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं. मी त्याला विचारलं, मनापासून सही करशील ना? म्हणाला, "त्यात न पटण्यासारखं काय आहे? कुणाच्याच बाबतीत तसं होऊ नये." हे उत्तर मला आवडलं. परीक्षेत तेहेतीस प्रश्न असतात, सतरा बरोबर आले की पास. त्याचे तेहेतीसच्या तेहेतीस आले. मास्तरचा पोरगा!

मला वाईट वाटलं ते त्याच्या जाण्याचं नाही. ज्या मोहल्ल्यातल्या पोरांना भांडणात कुणीही "जा तिकडे" म्हणतो, तिथला एक पोरगा खरोखर जातोय, तिकडे नाही तर युरोपात. म्हणणाऱ्याला त्यातला फरक कळेल का, हा विचार मला रात्री छळायचा. शेवटी ईदच्या आदल्या रात्री मीच फोन केला आणि म्हटलं, भर. त्याने दोनशे पंचावन्न युरो फी भरली. निकालाला किती महिने लागतील, काही सांगता येत नाही म्हणे.

एक गोष्ट मात्र मी त्याच्याकडे मागितली आहे. रद्दचा शिक्का मारलेला जुना पासपोर्ट पुढच्या खेपेला घेऊन ये. तो पेटीत, कुलाबा जिल्ह्याच्या दाखल्याखाली राहील.

आणि एक काम माझ्याकडे आलं आहे. त्याचं नाव अजून इथल्या मतदार यादीत आहे. सध्या आपल्या वस्तीत जो तो यादीत नाव आहे की उडालं ते बघायला धावतो आहे, मोबाईलवर, कचेरीत. दाखला आला की मला उलट्या कामासाठी जावं लागेल. फॉर्म नंबर सात मी आणून ठेवला आहे. नाव वगळण्याची कारणं त्यात छापलेली आहेत, त्यातल्या एकावर खूण करायची. मयत. स्थलांतरित. आणि खाली, भारतीय नागरिक नाही. फॉर्म कोराच ठेवला आहे. अम्मीला अजून दाखवलेला नाही.