तीन ट्रंका

खांदेश्वरच्या दोन खोल्यांच्या घरात पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. कोपरे चेपलेले, कडी मोडलेली, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने वडिलांचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका पोलादपूर, जिल्हा कुलाबा. कुलाब्याचा रायगड १९८१ साली झाला. ट्रंकेवर अजून झालेला नाही. आत पूर्वी वडिलांचे कपडे असत. आता चपट्या निळ्या केबली, क्रिम्पर, एक बंद पडलेला चोवीस पोर्टांचा स्विच आणि अकरा वह्या आहेत. प्रस्तुत लेखकाची पत्नी या ऐवजाला भंगार म्हणते आणि पावसाळ्याआधी दरवर्षी तो काढून टाकण्याची मुदत देते.

लेखक नेटवर्कच्या धंद्यात पंचवीस वर्षं आहे. त्याच्या धंद्यातही ट्रंक आहे. एका स्विचपासून दुसऱ्या स्विचपर्यंत जाणारी, अनेक व्हीलॅनची, म्हणजे एकाच स्विचवर आखलेल्या स्वतंत्र जाळ्यांची, वाहतूक एकाच तारेवरून नेणारी जोडणी, ती ट्रंक. या जोडणीने त्याची जितकी झोप खाल्ली तितकी पोटच्या पोरांनीही खाल्ली नसेल.

पण त्याला हा शब्द पहिल्यांदा भेटला तो एसटीच्या टपावर. गणपतीत मुंबईहून गावी येणाऱ्या गाडीच्या टपावर साऱ्या चाकरमान्यांच्या ट्रंका एकमेकींना खेटून दोरखंडाने बांधलेल्या असत. रस्ता एक, गाडी एक, टप एक. कोणती ट्रंक कोणाच्या अंगणात उतरायची हे ठरवणारी गोष्ट एकच, झाकणावरची पांढरी अक्षरं. पुढे क्लासमध्ये मास्तर फ्रेमला, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाला, लागणारा चार बाइटचा टॅग समजावून सांगू लागले तेव्हा वर्ग गोंधळला. लेखकाला मात्र पोलादपूरचा स्टँड दिसला.

दुसरी ट्रंक आवाजाची. गावात फोन नव्हता. ट्रंक कॉल लावायला तालुक्याच्या पोस्टात जायचं, नंबर लिहून द्यायचा, ऑर्डिनरी की अर्जंट ते सांगायचं आणि बाकावर बसून राहायचं. घाईच लागली असेल तर लाइटनिंग, पण तो दर ऐकून घाई आपोआप कमी होई. थेट नंबर फिरवण्याची सोय देशात १९६० साली कानपूर आणि लखनौच्या दरम्यान सुरू झाली होती, पण सह्याद्रीच्या पायथ्याला तिचा पत्ता नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी वडिलांचा ट्रंक कॉल आला. आईला पोस्टात बोलावून घेतलं. ओरडून ओरडून झालेल्या त्या बोलण्यातलं लेखकाला एवढंच आठवतं की आई परत येताना बोलली नाही. आठवड्याने वडील आले, आणि त्यांच्याबरोबर ती ट्रंकही. संपानंतर गिरणीत ते पुन्हा गेले नाहीत.

टेलिफोनच्या भाषेत दोन एक्स्चेंजना जोडणारी, कोणा एकाची नसलेली, सर्वांनी वाटून वापरायची लाइन म्हणजे ट्रंक. आईचा आवाज, व्यापाऱ्याचा भाव आणि तहसीलदाराचा निरोप तिच्यावरूनच जात. नेटवर्कवाल्यांनी हा शब्द तिथूनच उचलला. व्हीलॅनची कल्पना १९८०च्या दशकात मांडणारे डब्ल्यू. डेव्हिड सिंकोस्कीही बेलकोर या अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधन संस्थेतले होते.

तिसऱ्या ट्रंकेची ओळख १९९८ नंतरची. त्या वर्षी हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस व्हीलॅनच्या टॅगचं आयईईईचं ८०२.१क्यू हे मानक मंजूर झालं. दोन घटनांचा संबंध काहीही नाही; पण लेखकाचं पोट पहिलीवरून प्रवास करून दुसरीवर भरत आलं आहे. त्याआधी स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीची आयएसएल नावाची खासगी पद्धत होती. ती फ्रेमला वेगळ्या वेष्टनात गुंडाळून तीस बाइट वाढवत असे. नव्या मानकाने काम चार बाइटांवर आणलं. त्यातल्या बारा बिटांत व्हीलॅनचा नंबर. म्हणजे ४०९६ आकडे, त्यातला पहिला आणि शेवटचा राखीव, उरले ४०९४.

खांदेश्वर हे नाव ऐकून बाहेरचे लोक खानदेशाची चौकशी करतात. नाव महादेवाचं आहे, देऊळ आहे आणि देवळाशेजारी तलाव. स्टेशनाच्या फलाटावर रोज सकाळी ट्रंकेचा पाठ चालतो. सीएसएमटीची गाडी, ठाण्याची गाडी, गोरेगावची गाडी, सगळ्या त्याच रुळांवरून सुटतात. गाडीच्या कपाळावरची पाटी वाचायची आणि चढायचं. पाटी बंद असली की लोक गाडी सीएसएमटीची आहे असं मानून आत घुसतात, आणि जुईनगरनंतर गाडी ठाण्याकडे वळली की डब्यात हळहळ होते. बिनपाटीच्या फ्रेमचंही हेच. तिला कोणत्या व्हीलॅनची मानायची हे ट्रंकेचं प्रत्येक टोक आपल्यापुरतं ठरवतं. त्याला नेटिव्ह व्हीलॅन म्हणतात. एका टोकाला नेटिव्ह १ आणि दुसऱ्याला ९९ असेल, तर इथे एका घरातून निघालेली फ्रेम तिथे भलत्याच घरात शिरते. दोन्हीकडे सिस्कोचे स्विच असले तर ते लॉगमध्ये दर मिनिटाला तक्रार करतात. दोन कंपन्यांचे असले तर बहुधा गप्प बसतात.

सर्वांत फजिती झाली ती एका रुग्णालयाच्या नव्या इमारतीत. तळमजल्यावर लेखक, सहाव्या मजल्यावर दुसऱ्या ठेकेदाराचा माणूस. दिवा हिरवा, पण वरच्या टेबलांवरच्या फोनना आयपी पत्ता मिळेना.

“दादा, तुमच्याकडून ट्रंक केलीत ना?”

“अहो साहेब, ट्रंक करून अर्धा तास झाला! तुमच्याकडेच बघा काहीतरी.”

अशी दोन तास जुगलबंदी. शेवटी लेखक जिना चढून वर गेला आणि त्या माणसाच्या पडद्याकडे पाहतच राहिला. त्याने खरोखर ट्रंक केली होती. सिस्कोच्या भाषेत ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन नेणारी एक तार. एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचच्या भाषेत ट्रंक म्हणजे अनेक तारांची बांधलेली मोळी. व्हीलॅन त्यावर वेगळे, एकेक करून ‘टॅग्ड’ म्हणून चढवावे लागतात. दोघंही खरं बोलत होते. एक नंबरचा व्हीलॅन, जो कोणी न मागता प्रत्येक स्विचमध्ये असतोच, तेवढा बिनटॅगचा वाहत होता, म्हणून एकमेकांचे स्विच दोघांनाही दिसत होते आणि दोघांचाही स्वतःवर विश्वास अढळ होता. फोनचा वीस नंबरचा व्हीलॅन मोळीवर चढवला आणि मिनिटभरात फोन उजळले. दोघांनी खाली टपरीवर चहा घेतला. पैसे कोणी द्यायचे यावर पुन्हा जुगलबंदी.

महापे एमआयडीसीतली रात्र मात्र कोणाच्या शब्दकोशावर ढकलता येत नाही. ती सर्वस्वी लेखकाची चूक. एका कचेरीत कॅमेऱ्यांसाठी ४० नंबरचा व्हीलॅन ट्रंकेवर सोडायचा होता. दहा मिनिटांचं काम, खांदेश्वरच्या घरात बसून, शनिवारी रात्री. त्याने टाइप केलं: स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०. एंटर मारला आणि पडदा गोठला. ‘अलाउड व्हीलॅन’नंतर ‘ॲड’ हा शब्द घालायचा राहिला होता. तो असेल तर ४० यादीत मिळवला जातो. नसेल तर जुनी यादी पुसून तिच्या जागी फक्त ४० उरतो. १०, २०, ३० गेले. आणि ज्यावरून लेखक स्वतः आत शिरला होता तो ९९ सुद्धा. बसलेली फांदी कापणाऱ्या शेखचिल्लीची गोष्ट त्याने मुलांना अनेकदा हसत सांगितली होती.

मुसळधार पाऊस. निळी केबल पिशवीत घालून त्याने रिक्षा पकडली. कळंबोली सर्कल ओलांडल्यावर त्याला सुचलं की बदल सेव्ह झालेलाच नव्हता. रखवालदाराला फोन करून स्विचची वायर काढून परत लावायला सांगितली असती तरी जुनी यादी परत आली असती. रिक्षावाल्याला हे समजावून सांगण्यात अर्थ नव्हता.

तेव्हापासून दूरच्या स्विचला हात लावण्याआधी तो ‘रीलोड इन १०’ ही आज्ञा देतो. काही बिनसलं तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप नव्याने सुरू होतो आणि सेव्ह केलेली जुनी मांडणी उचलतो. सारं ठीक झालं तर आज्ञा रद्द करायची. ती रद्द करायला विसरण्याचा पराक्रमही त्याच्या नावावर आहे, पण एकदाच.

दोष शोधायला मात्र अजूनही ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ यासारखं दुसरं काही नाही. उत्तरात चार तक्ते येतात आणि ते वरून खाली, गाळणीतून गाळणीत ओतल्यासारखे वाचायचे. पहिल्यात पोर्टच नसेल तर ट्रंक झालेलीच नाही. पुष्कळदा दोन्ही टोकं ‘डायनॅमिक ऑटो’वर असतात, लग्नाची बोलणी समोरच्याने काढावीत म्हणून दोन्हीकडची मंडळी गप्प बसावीत तसं. दुसऱ्या तक्त्यात परवानगी असलेले व्हीलॅन. तिसऱ्यात परवानगी आहे आणि या स्विचवर अस्तित्वातही आहेत असे. दुसऱ्यातला आकडा तिसऱ्यात गळला तर तो व्हीलॅन इथे बहुधा कोणी तयारच केलेला नाही. चौथ्यात प्रत्यक्ष वाहणारे. तिथे गळला तर चक्राकार वाटा तोडणाऱ्या स्पॅनिंग ट्रीने वाट अडवली आहे किंवा प्रूनिंगने छाटला आहे. आणि हे सगळं दोन्ही टोकांना करायचं. अर्धे लोक एका टोकाला पाहतात आणि केबल बदलत बसतात.

२७ जून २०१७ ला या भागाने वेगळाच प्रकार पाहिला. नॉटपेट्या हा मालवेअर युक्रेनमधून निघून मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला आणि जवळच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या गेटवे टर्मिनल्सचं काम अडलं. मर्स्कला पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तो घोटाळा व्हीलॅनचा नव्हता. एका यंत्रातून दुसऱ्यात बिनअडथळा जाता येण्याचा होता. पण त्यानंतर महिनाभर लेखकाच्या प्रत्येक ग्राहकाने एकच प्रश्न विचारला, “आपलं वेगळं आहे ना?” कागदावर वेगळं होतं. ट्रंका तपासल्या तर जवळजवळ प्रत्येकीवर १ ते ४०९४ सगळे मोकळे. कारण सिस्कोच्या स्विचवर मुळातली मांडणीच ती असते आणि यादी लिहायचे कष्ट कोणी घेतलेले नव्हते. भिंती बांधल्या होत्या, दारं लावलीच नव्हती. दोन व्हीलॅनमधली वाहतूक राउटर नियमांशिवाय पलीकडे सोडत असेल, तर निव्वळ वेगवेगळे नंबर देऊन व्हायरस थांबत नाही, हे त्या महिन्यात लेखकाने इतक्या वेळा सांगितलं की घरीही ते वाक्य पाठ झालं.

ट्रंकेतल्या अकरा वह्या त्या यादीच्याच आहेत. कोणत्या ग्राहकाच्या कोणत्या पोर्टवर कोणते व्हीलॅन, टॅग्ड कोणते, बिनटॅगचा कोणता, दोन्ही टोकांना. आता हे सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात; लेखकही ठेवतो, आणि वहीतही उतरवतो.

या धंद्यात नव्याने आलेल्या मुलामुलींना त्याची एक विनंती आहे. समोरच्या टोकाला दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल तर फोनवर ‘ट्रंक केली का’ असं विचारू नका. टॅग्ड नंबर कोणते आणि अनटॅग्ड कोणता, ते आकड्यांत विचारा, आणि समोरचा सांगेल तसे लिहून घ्या.