गिरणीच जाते ओंडक्याकडे!

आधी हे ऐका! गिरणी झाडाकडे जाते! झाड गिरणीकडे येत नाही! इतकी वर्षं मला हे कुणी सांगितलं कसं नाही?

थांबा, नीट सांगते. माझं आजोळ खानापूरचं. तिथला माझा मामेभाऊ बारा वर्षं इथे बंगळुरात, म्हैसूर रोडला एका वखारीत करवतीवर आहे. रविवारी जेवायला आला. हात धुऊनही मनगटावरच्या केसांत सागाचा भुसा तसाच! पाटावर बसायच्या आधी त्याने फोन माझ्यापुढे धरला. "ताई, दोन ऑफर आल्यात. एक कॅनडाची, एक न्यूझीलंडची. पोर्टेबल सॉ मिल ऑपरेटर. वाच की जरा, सगळं इंग्रजीत आहे."

मला लाकडातलं काही म्हणजे काही कळत नाही, हे आत्ताच सांगून टाकते. मी हिशेबाच्या वह्यांतली बाई. पण पोर्टेबल? गिरणी आणि पोर्टेबल? त्याने व्हिडिओ लावला आणि मग आमटी निवली ती निवलीच!

कुरणात एक अजस्र ओंडका. झाड जिथे पडलं तिथेच! दोन माणसं गाडीतून सांगाडा उतरवतात, ओंडक्याच्या दोन्ही अंगांना रूळ मांडतात, रुळांवर इंजिन आणि एक गोल पातं, आणि मग ते पातं लाकडातून ढकलत टोकापर्यंत नेतात आणि मग एक दांडा ओढला की आडवं पातं गर्रकन उभं! ९० अंशांत! आणि मग परत येताना दुसरा काप! जाताना एक, येताना एक, की फळी मोकळी! ओंडका तसूभर हलला नाही! ताज्या फळीवर अजून ओल चमकत होती. तेवढाच तुकडा मी सहा वेळा पाहिला.

याला स्विंग ब्लेड म्हणतात. लुकास ऑस्ट्रेलियाची, पीटरसन न्यूझीलंडची. दुसरी जात पट्ट्याच्या करवतीची. त्यात ओंडका चौकटीवर चढवतात, दात्यांचा अरुंद पट्टा त्यावरून जातो, आणि काप इतका बारीक की भुशात जाणारं लाकूड फळीत येतं! अमेरिकेतली वूड-मायझर ही यंत्रं १९८२ पासून बनवते. दोन दिवसांपूर्वी मला करवत म्हणजे करवत एवढंच ठाऊक होतं!

मग आपल्याकडे अशी दारोदार जाणारी गिरणी का नाही? गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीत एक रेन ट्री कोसळला, केवढा बुंधा, आणि सगळा तुकडे तुकडे होऊन गाडीत गेला. भाऊ म्हणाला, "परवाना लागतो ताई." आणि मग मी तेही वाचत बसले! गोदावर्मन खटला! १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने केंद्राच्या मंजुरीशिवाय जंगलात चालणाऱ्या सॉ मिल थांबवल्या, आणि २००२ मध्ये नव्या परवान्यांनाही लगाम घातला. खानापूरचं रान पाहत वाढलेल्या मला ते पटतंच. उद्या कुणीही रूळ घेऊन रानात शिरला तर? पण म्हणूनच भावाच्या हाताला हे यंत्र लागायचं तर समुद्र ओलांडायला हवा!

सोमवारी मी अर्धी रजा काढली. दोघं मल्लेश्वरमला, अठराव्या क्रॉसवरच्या लाकूड विज्ञान संस्थेत गेलो. तिथे लाकूडकामाचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्याची चौकशी केली. येताना काडु मल्लेश्वराला हात जोडले. कन्नडमध्ये काडु म्हणजे रान! आणि १६६९ चा व्यंकोजीराजांचा शिलालेख याच देवळाचा! रानातल्या देवापुढे लाकडाच्या नोकरीची कागदं धरून आम्ही उभे!

आता कागदं. इथे तुम्हीही माझ्याबरोबर बसा, पेन्सिल घ्या. कॅनडाच्या पत्रासोबत एजंटाची चिठ्ठी होती, "प्रोसेसिंग"चे अडीच लाख, शुक्रवारच्या आत. आता ऐका! परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी कुणालाही पाहता येते, आणि फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी! अडीच लाख कुठून आले? यादीत त्याचं नाव मी तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनी शोधलं. नाही! भाऊ गप्प झाला. त्याने बायकोच्या पाटल्यांचा भाव काढून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. माझ्या पोटात कालवलं. ती चिठ्ठी मी त्याच्यासमोर फाडली.

आणि मग न्यूझीलंड! तिथे परदेशी कामगार नेणारा मालक सरकारमान्य असावा लागतो, त्याचीही यादी खुली, आणि भरतीचा खर्च कामगारावर टाकायचा नाही! मी नाव टाकलं. सापडलं! अशी ओरडले की शेजारच्या काकू दारात आल्या! पत्रात एक रुपयाही मागितला नव्हता. इंग्रजीची परीक्षा मात्र द्यावी लागणार. २०२४ पासून अशा कामांना तीही अट आहे.

भावाच्या डाव्या तर्जनीचं टोक नाही. सात वर्षांपूर्वी एका वखारीत गेलं आणि पट्टी बांधून त्याला घरी धाडलं. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अशी सरकारी योजना आहे की अपघातात चूक कुणाची हे न पाहता उपचाराला मदत मिळते, परदेशी माणसालाही! हे वाचून दाखवलं तेव्हा तो त्या बोटाकडे बघत राहिला. माझं मत तिथेच ठरलं. पगाराचा आकडा मी नंतर वाचला.

आणि कौरी! तिथल्या उत्तरेकडच्या दलदलीत कौरीची झाडं गाडलेली सापडतात, काही पन्नास हजार वर्षांच्या आसपासची, आणि लाकूड अजून कापता येतं! पन्नास हजार! "ताई, कापताना वास कसला येत असेल?" त्याचा पहिला प्रश्न हा!

रात्री आम्ही मालकाला पत्र लिहिलं. किती तास काम, राहायची सोय, रानात सोबत कोण, आणि यंत्र कुठलं. आपल्याकडे मध्यरात्र तेव्हा तिकडे सकाळ, म्हणून मी फोन उशाशी ठेवला. साडेतीनला टिंग! उत्तराआधी एक फोटो, भुशाने माखलेलं स्विंग ब्लेड! आणि खाली उलट एकच प्रश्न, पात्याला धार स्वतः लावता येते का?

मी लगेच भावाला उठवलं. "बारा वर्षं दुसरं काय करतोय मी?" म्हणाला, आणि मग दोघांनाही झोप नाही!