उंबरठ्यावरचे गाणे

नाटकाला नांदी, कीर्तनाला नमन, ग्रंथाला मंगलाचरण. आरंभी काही म्हटल्यावाचून आपल्याकडे मोठे काम सुरू होत नाही. ख्रिस्ती उपासनेचेही तसेच आहे, पण आमच्या वर्गातील पुष्कळांना ते ठाऊक नसते. ‘तुमच्या चर्चमध्ये आधी काय करतात रे?’ असे एका मित्राने विचारले, तेव्हा मी ‘उभे राहतो’ एवढेच सांगू शकलो.

जुन्या रोमन प्रथेत पुरोहित दारापासून वेदीपर्यंत चालत जाई, तोवर स्तोत्राच्या ओळी गात. तो पोचला की गाणे आटोपते घेत. वाट जेवढी लांब तेवढे गाणे लांब! हे प्रवेशगीत लॅटिनमध्ये असे. वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये ते मराठीत आले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५). आणि गंमत अशी, की फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चा आरंभ आपल्या ग्रंथकारांप्रमाणे नमनानेच केला होता. साडेतीनशे वर्षे आधी!

आमची शहाद्याची मंडळी प्रॉटेस्टंट. येथे मिरवणूक नाही. पाळक स्तोत्रसंहितेतील एखादे स्तोत्र वाचतात, बहुधा ९५ वे किंवा १०० वे. मग लहानशी प्रार्थना, आणि ‘उपासना संगीता’तील गीत. त्या पुस्तकात रेव्हरंड टिळकांची पुष्कळ गीते आहेत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने भजनाचा ढंग चर्चमध्ये आणला, म्हणून तबला आणि टाळ तेथे परके वाटत नाहीत.

माझी आजी भिली बोलते. प्रवचनातले मराठी तिला अर्धेमुर्धेच कळते. तरी ती दर रविवारी गावाहून पहिल्या एस.टी.ने येते, कारण आरंभ चुकता कामा नये. उशीर झालाच तर बाहेर चपलांपाशी थांबते. बोलावणे होऊन गेल्यावर आत शिरणे तिला आगंतुकपणाचे वाटते.

आता आमच्या तरुण मंडळींचा बेत आहे, की आरंभीचे वाचन गाळावे आणि गिटार व कीबोर्डवर एकदम गाणी सुरू करावीत. गिटारशी माझे भांडण नाही. परंतु न बोलावता आत कसे जायचे? मी सुचवले, की वाचन ठेवावे, आणि तेही एखाद्या रविवारी भिलीतून व्हावे. ‘चर्चमध्ये भिली?’ असे म्हणून कोणीतरी हसले. आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी तीच बोलतात, हे त्या क्षणी कोणाच्या लक्षात आले नसावे.

तेव्हापासून मी आणि आजी १०० वे स्तोत्र भिलीत उतरवत आहोत. देवाच्या दारांतून उपकार मानत आत यावे, असे त्यात आहे. दार झाले, आत येणेही झाले; ‘उपकार मानणे’ येथे अडले. आजी म्हणते, आपल्यात ते बोलून दाखवत नाहीत. ज्याने वेळेला धान्य दिले, त्याच्या शेतात निंदणीला न बोलावता जातात. हे एका शब्दात कसे बसवावे, ते मला सुचत नाही. वहीत तेवढी जागा कोरी आहे, आणि मंडळीची बैठक नाताळनंतरच्या पहिल्या रविवारी आहे.